भाचीचा शब्द आणि पपईचं दूध

मु. शहापूर, ता. जि. भंडारा
मार्गशीर्ष, शुक्रवार, संध्याकाळचं दूध यायच्या आधी

चिरंजीव आणि तितकीच पूजनीय भाचीबाई दामिनी,

सुरुवातीलेच घोटाळा झाला पाहा. वयानं तू माझ्या पोरीसारखी, म्हणून आधी आशीर्वाद लिहिला. मग आठवलं, तू तर भाची, अन् आपल्याकडं मामा भाचीच्या पाया पडते, भाची मामाच्या नाही. म्हणून आशीर्वाद खोडला अन् नमस्कार लिहिला. मग वाटलं, नुसता नमस्कार केला तर पोरगी परकी झाल्यासारखी दिसते. शेवटी असं ठरवलं की आशीर्वाद डोक्यावर ठेव, नमस्कार पायावर घे, अन् मधात तुझी तब्येत कशी आहे ते कळव. नागपुरात थंडी पडली असेल, कान बांधत जा. तुझ्या प्रयोगशाळेतले उंदीर बरे आहेत काय? (त्यायची विचारपूस मुद्दाम करून राहिलो. सध्या ते अन् मी एकाच दुखण्याचे आहो.) शकुनबाईचा गुडघा कसा आहे? तुझी माय म्हणजे माझी मोठी बहीण, पण गुडघ्याचं कधी बोलत नाही. मी लहान असून माझं सगळं बोलतो, हे आता तुले दिसेलच.

फोन सोडून पत्र काहून, असं तुले वाटेल. त्याचे दोन कारणं. एक तर मले कमी ऐकू येते, म्हणून फोन मोठ्या आवाजात लावावा लागते, अन् मोठ्या आवाजात लावला की तुझी मामी स्वयंपाकघरातून सगळं ऐकते. या पत्रातली एकही गोष्ट मंदाबाईच्या कानावर जायले नको. दुसरं म्हणजे फोनवर तू दुधाबद्दल बोलायले लागली की इतकी पळते, की मी अजून पहिल्या शब्दाच्या मागं असतो अन् तू म्हणते, समजलं ना मामा? मी हो म्हणतो. भाचीले नाही कसं म्हणायचं? असे मी आजवर तुले गंज, खंडीभर हो म्हटले, त्यातले खरे दोनच असतील.

मुद्द्याची गोष्ट अशी. माझी साखर तुले माहीत आहे. दिवाळीच्या आधी भंडाऱ्याच्या डॉक्टरसाहेबायनं माझा तीन महिन्याच्या सरासरीचा कागद पाहिला अन् चष्मा काढला. (डॉक्टरनं चष्मा काढला की समजायचं, आता औषध नाही, आता उपदेश.) म्हणाले, तुलारामजी, पुढच्या खेपेले आकडा नऊच्या वर दिसला तर गोळ्यायनं भागणार नाही, सुई सुरू करू. रोज. पोटात. मी खुर्चीचे दोन्ही हात धरून बसलो. भाचीबाई, मले बिबट्याचं भेव नाही. मागच्या साली धानाच्या बांधीत दिसला होता, तर मी त्याले हाकलला. (म्हणजे तो आपल्या मनानं गेला, पण मी तिथं होतो.) सुईचं मात्र मले भेव आहे, अन् टोचण्याचं नाही. माझ्या मायले, म्हणजे तुझ्या आजीले, सुई लागली अन् चार महिन्यात ती गेली. तवापासून माझ्या डोक्यात बसलं आहे की सुई म्हणजे शेवटली एसटी. त्यात चढलं की परत आणणारी गाडी नाही.

आता नव्या तपासणीचं रक्त मी सोमवारी देऊन आलो. कागद काल आला. पाकीट बंद आहे, कॅलेंडरच्या मागं खोचून ठेवलं आहे, हे पत्र लिहून झालं की फोडणार. मंगळवारी डॉक्टरकडं जायचं आहे. पण मी अगदी निश्चिंत आहो, कारण या खेपेले मी तुझं औषध घेतलं आहे.

दचकू नको. भाऊबीजेले तू मायसंगं आली, ओसरीत बसली, अन् मी तुले विचारलं की माय, पाच वर्षं झाले, तू दुधावर काय शिकून राहिली? आम्ही दूध काढतो, दूध केंद्रावर फॅट पाहतो, टँकरमध्ये ओततो, यात शिकण्यासारखं उरते काय? तवा तू सुपातले तांदूळ घेऊन एकाले एक लावून लांब ओळ केली. म्हणाली, हे दुधातलं प्रथिन. मग बोटानं ओळ मोडून दोन-दोन, तीन-तीन दाण्यायचे तुकडे केले. हे तुकडे म्हणे आतड्यात जातात. आतड्याले दारं असतात, त्यातून साखर रक्तात शिरते. काही तुकडे त्या दारात उभे राहतात. काही तुकडे, जो कोणी भातापोळीची साखर करते, त्याचा हात धरतात. अन् काही तुकडे आणखी कोणाले तरी धरून ठेवतात, त्याले धरलं की पोटानं पाठवलेला निरोप जास्त वेळ टिकते. हे तिसरं मले तवाही समजलं नाही, आताही नाही. कोण कोणाले धरून राहिलं, निरोप कोणाचा, अन् पोटाले निरोप पाठवायची गरज काय, ते तर शेजारीच राहते! पण एवढं समजलं की या सगळ्या गर्दीत साखरेचं काम रखडते. कचेरीत नाही का, दारात चार माणसं उभी राहिली की आपला अर्ज पुढं सरकत नाही.

मले आनंद झाला बाप्पा! तीस वर्षं मी दूध मोजून राहिलो अन् माझ्या रोगाचं औषध माझ्याच कॅनमध्ये होतं. पुढं तू बोट वर करून आणखी काही सांगत होती, चेहरा गंभीर होता, ते महत्त्वाचं असेल, पण तितक्यात मामीनं अनारशांचं ताट आणलं अन् माझं ध्यान गेलं. (ते काय होतं, एकदा लिहून कळव.) तुकडे कसे होतात, हे मात्र मी नीट ऐकलं. तू म्हणाली, मामी मटणाले कच्ची पपई लावते ना, मटण कसं मऊ होते, दुधाचंही तसंच. अन् तुकडे झाले की दूध कडू होते, हाच आमचा मोठा वैताग आहे, असंही तू म्हणाली. आता भाचीच्या तोंडून कृती निघाली म्हटल्यावर मामानं स्वस्थ बसायचं काय? ज्या पोरीच्या पायावर डोकं ठेवायचं तिचा शब्द खाली पडू द्यायचा, तर मग डोकं ठेवलंच कायले?

दुसऱ्याच दिवशी परसातली कच्ची पपई तोडली, केंद्राच्या मागच्या खोलीत नेली, किसली, अन् आपल्या म्हशीच्या कोमट दुधात टाकून पितळेच्या गडव्यात झाकून ठेवली. (भंडारा जिल्ह्यातला माणूस, पितळेशिवाय हात चालत नाही.) दुपारी पाहतो तर गडव्यात हिरवट काहीतरी. ते फेकलं. दुसऱ्या खेपेले स्टीलचं पातेलं घेतलं. दूध आधी फाटलं, मग पातळ झालं, पिवळसर झालं. मी कपड्यानं गाळलं, देवाचं नाव घेतलं अन् घोट घेतला. भाचीबाई, मी कडुनिंब खाल्ला आहे, कारलं खाल्लं आहे, सासुरवाडीच्या लोकायचं बोलणं ऐकलं आहे, पण असं कडू या जिभेनं पाहिलं नव्हतं. कानापर्यंत कडू झालो. अन् तसाच नाचलो, कारण कडू म्हणजे तुकडे झाले!

पण नुसत्या जिभेवर काय विश्वास? केंद्रावर आता नवी मशीन आहे, दूध लावलं की फॅट, प्रथिन, पाणी सगळं आकड्यात दाखवते. मी विचार केला, हिलेच विचारू की तुकडे किती झाले. लावलं. मशीननं आधी विचार केला, मग घरघर केली, अन् वरून मिसळलेलं पाणी एक्केचाळीस टक्के दाखवलं. मले काय माहीत की ती मशीन आकडा दाखवून थांबत नाही, तो वरच्या ऑफिसलेही पाठवते! अर्ध्या तासात घनश्याम सुपरवायझरचा फोन. तुलारामजी, हे दूध म्हशीचं आहे की विहिरीचं? आता काय सांगू? भाचीनं सांगितलं म्हणून पपई टाकली, असं सांगितलं तर तुझं नाव खराब होते. मी म्हटलं, म्हैस आजारी आहे. तर त्यानं जनावराच्या डॉक्टरले पाठवलं. डॉक्टरनं म्हशीले तपासलं, म्हैस ठणठणीत, मग माझ्याकडं पाहून म्हणाला, तुम्हीच जरा उतरलेले दिसता. तो एकटाच बरोबर बोलला.

मग आली मंडई. तू शहरात राहून विसरली असशील म्हणून सांगतो, दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवशी गावात घरोघरी पाहुणे असतात, अन् गावकऱ्यानं घरोघरी जावंच लागते. ज्याच्या घरचं गोड खाल्लं नाही तो पुढच्या मंडईपर्यंत बोलत नाही. माझे नऊ घरं. मागच्या साली मंदाबाईनं प्रत्येक दारात सांगितलं, यायले साखर आहे, देऊ नका, अन् नऊही घरी लोकायनं मले फुटाणे देऊन असं पाहिलं की जसा मी दोन दिवसाचा पाहुणा आहो. या साली मी बगलेत स्टीलची बाटली दाबली अन् एकटा निघालो. प्रत्येक दाराच्या आधी आडोशाले जायचं, दोन घोट कडू दूध प्यायचं, म्हणजे तुकडे आधी जाऊन दारात उभे राहतील, मग घरात जाऊन करंजी खायची. (कडू घोटानंतर जिभेचा रस्ता साफ करायले काहीतरी घ्यावं लागे. ते काय, हे पुढं सांगतो. किंवा नाही सांगत.)

पाचव्या घराच्या मागं तेजराम भेटला. तेजराम म्हणजे आपल्या शेजारचा, तू त्याले काका म्हणते, अन् मोहफुलाच्या दारूतला जाणता. त्यानं मले आडोशाले बाटली लावताना पाहिलं अन् डोळ्यात पाणी आणून म्हणाला, तुल्या, चाळीस वर्षांची दोस्ती अन् एकटा पिऊन राहिला? मी सांगेपर्यंत त्यानं बाटली हिसकून अर्धी घशात ओतली. मग जो आवाज निघाला तो दंडारीचा नाच-खेळ पाहायले जमलेल्या लोकायनं ऐकला, अन् ढोलकीवाला थांबला. तवापासून गावात अशी खबर आहे की तुलारामनं अशी दारू काढली आहे की तेजरामलेही झेपली नाही. दोन माणसं तर गुपचूप ऑर्डर देऊन गेले.

आता माझ्या शंका. रागावू नको, तुझ्याशिवाय विचारू कोणाले? पहिली शंका, दुधात दुधाची स्वतःचीही साखर असते असं तू सांगितलं होतं. म्हणजे चोरही दूधच आणते अन् शिपाईही दूधच आणते, तर मग शिपाई कोणाचं ऐकते? दुसरी, पोटही दुधाचे तुकडे करतेच, असं तू म्हणाली. मी साठ वर्षं दूध पिऊन राहिलो. मग एवढे तुकडे झाले असतील की माझ्या सगळ्या दारांत गर्दी पाहिजे. ते गेले कुठं, मंडईले? तिसरी, तुकडे दारात किती वेळ थांबतात? कारण करंजी पहिल्या घरी अन् बासुंदी नवव्या घरी, मधात तीन तास. चौथी, साखरेले दारातून आत जाऊ दिलं नाही तर ती बाहेर करते काय? उभीच राहते? मले कधी कधी पोटात कोणीतरी वाट पाहून राहिल्यासारखं वाटते. पाचवी विसरलो.

तर विनंती एवढीच की तुझ्या प्रयोगशाळेत जे साफसुथरे तुकडे असतील, पुडीतले, बिनापपईचे, ते थोडे पाठवून दे. उंदरायच्या वाट्याचं नको, त्यायचाही जीव आहे. उरलेसुरले चालतील.

बाकी इकडं सगळे खुशाल. तुझ्या मायले नमस्कार, उंदरायले रामराम. थोडं लिहिलं म्हणता येणार नाही, तरी गोड मानून घे. (मले तेवढंच गोड आता चालते.)

तुझ्या पाया पडणारा,
तुलाराम मामा

ता. क. पाकीट अजून फोडलं नाही. आधी म्हशीले पाणी पाजून येतो.

ता. क. दुसरा. म्हशीले पाणी पाजलं. केंद्र झाडलं. मशीन पुसली. पाकीट फोडलं. दहा पॉइंट आठ. दिवाळीच्या आधी नऊ पॉइंट सहा होतं. मी कागद उलटा धरूनही पाहिला. आता खरं सांगतो, जिभेचा रस्ता साफ करायले मी गूळ घेत होतो. आधी खडा घेत होतो, मग कडूपणा वाढला तसा गूळही वाढला. मंडईनंतरही सोडला नाही. रोज सकाळ-संध्याकाळ कडू दूध, अन् मागून गूळ. तुझ्या तुकड्यायचा यात काही दोष नाही, ते बिचारे दारात उभे राहिले असतील, पण मी मागून ढेपच ढकलली. गोळी मात्र एकही चुकवली नाही, मायची शपथ. अन् तू बोट वर करून काय सांगत होती, तेही आता आठवलं. तू म्हणाली होती, मामा, हे अजून औषध नाही, याच्या भरवशावर राहू नका. मले तवाच ऐकू आलं होतं. अनारशांचं मी उगाच लिहिलं.

ता. क. तिसरा, अन् खरा. पुडी पाठवू नको. तू ये. तुझ्या आजीले सुई लागली तवा घरातल्या कोणाची हिंमत झाली नव्हती, तू चौदा वर्षांची पोट्टी, तवा आमच्याकडंच राहून शाळेत जात होती, तूच रोज सकाळी तिले सुई देत होती अन् ती फक्त तुझ्याच हातून घेत होती. मी गोठ्यात जाऊन उभा राहत होतो. आजवर कोणाले सांगितलं नाही. आता मंगळवारी डॉक्टर सांगतील, मंदाबाई सांगेल, अन् मी सगळ्यायले नाही म्हणून वावरात निघून जाईन, मले माझा स्वभाव माहीत आहे. तुले मात्र मी नाही म्हणू शकत नाही. बुधवारी येऊन पहिली सुई तू दे. मले फार भेव लागून राहिलं, माय.

पत्र तेजरामच्या हाती देतो, तो उद्या नागपूरले चालला. मामीले सांगणार नाही म्हणून त्यानं शपथ घेतली आहे. माणूस पक्का आहे.

*

दामिनीबाई, मामीचा तुमच्या पायावर माथा. तेजराम भाऊजी पाकीट घेऊन सरळ माझ्याकडं आले. म्हणाले, वहिनी, तुम्हाले सांगायचं नाही अशी शपथ घातली आहे, म्हणून मी सांगत नाही, तुम्ही वाचून घ्या.

यायले वाटते मले काही माहीत नाही. परसातल्या झाडाच्या पपया एकामागून एक गेल्या, त्या मले दिसत नाहीत काय? गुळाची ढेप कुरतडलेली पाहून मी तर उंदराचं औषध आणायले निघाली होती, मग यायच्या मिशीले गूळ दिसला. रोज रागावली, रोज गूळ लपवला, यायले रोज सापडला. सुई डॉक्टरनं दिवाळीच्या आधीच लिहून दिली होती. यायचं भेव पाहून यायले पुढच्या खेपेचं सांगितलं, अन् हे बाहेर चपला घालत होते, तवा मले खरं सांगितलं. मीच हात जोडले, की भाऊबीज अन् मंडई होऊ द्या, मग मी यायचं मन वळवीन. तवापासून सुई केंद्राच्या फ्रिजमध्ये ताकाच्या पिशव्यायच्या मागं आहे. हे रोज त्याच फ्रिजमधून आपलं कडू दूध काढत होते. दोन महिने थांबवलं ही माझी चूक झाली, ते मी डॉक्टरलेही सांगीन.

अन् तुमची आजी सुईनं नाही गेली. दोन वर्षं डॉक्टर सांगत होते अन् दोन वर्षं हे मायलेक आज नाही उद्या करत होते. सुई आली तवा उशीर झाला होता. हे यायले कोणी कधी सांगितलं नाही, मलेही धीर झाला नाही. तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील.

बुधवारी नको, रविवारीच या. मी दिली असती, पण हातात सुई घेऊन पाहिली अन् तशीच परत ताकाच्या पिशव्यायमागं ठेवून दिली, मलेही भेव लागते. हे यायले सांगू नका. घरात एक जण तरी भेत नाही, असं यायले वाटू द्या.